सौजन्य, संकल्पना आणि झाडू

एखादी आळी, वाडी, गल्ली किंवा गृहनिर्माण वसाहत सुधारण्यासाठी तेथील रहिवासी एकत्र येतात तेव्हा त्यामागे लोकहिताची तळमळ असते, असे नागरिकशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात आणि मंडळांच्या वार्षिक अहवालांतही तसेच छापलेले असते. या विधानात खोटे काही नाही. मात्र तळमळ ही वस्तू साधारणपणे पहिले दोन-तीन रविवार पुरते, आणि त्यानंतरही ज्या संस्था वर्षानुवर्षे तग धरून राहतात त्या कशाच्या बळावर, याचा शोध घेऊ गेल्यास दोन वेगळ्याच शक्ती हाती लागतात. पहिली म्हणजे शेजाऱ्याच्या कारभारात लक्ष घालण्याची उपजत हौस, जिला घरात चोंबडेपणा म्हणतात आणि अनुदानाच्या अर्जात लोकसहभाग म्हणतात. दुसरी म्हणजे आपले नाव एखाद्या फलकावर, आणि फलक मिळत नसेल तर निदान बाकड्याच्या पाठीवर, रंगवलेले पाहण्याची इच्छा. नगररचनेवरील ग्रंथांत रस्ते, मलनिःसारण आणि मोकळ्या जागा यांची प्रकरणे असतात, पण या दोन शक्तींचे प्रकरण आढळत नाही. महाराष्ट्रातील शहरांत आजवर जे काही थोडेबहुत सुधारले ते बव्हंशी त्यांच्याच जोरावर सुधारले असल्याने ही उपेक्षा अन्यायाची आहे.

संस्थेचा जन्म कायद्याने होतो. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार संस्था स्थापन करण्यास किमान सात व्यक्ती लागतात आणि महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या अधिनियमाखाली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था, म्हणजे ट्रस्ट, म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावी लागते. सात हा आकडा ठरवणाऱ्याने एका मताची सात माणसे एका गल्लीत मिळतील असे गृहीत धरले होते, यावरून तो मराठी नव्हता एवढे निश्चित सांगता येते. या सातांपैकी एक अध्यक्ष होतो. हे पद वयाने मिळते आणि वय सारखेच असल्यास तळमजल्यावरील घरामुळे मिळते, कारण सभेची सतरंजी तेथूनच येते. कार्याध्यक्ष या पदाचा अर्थ परक्यांस चटकन उमगत नाही: ज्याच्या नावाकडे पाहून लोक वर्गणी देतात तो अध्यक्ष, आणि ती वर्गणी मागण्यासाठी चार जिने चढतो तो कार्याध्यक्ष. सचिव हा बहुधा बँकेतून किंवा विमा कंपनीतून निवृत्त झालेला असून जावक क्रमांक टाकल्यावाचून तो स्वतःच्या मुलाच्या लग्नाची पत्रिकाही धाडत नाही. खजिनदार म्हणून स्वतःजवळ पैसे असलेला गृहस्थ निवडला जातो, कारण मंडळाजवळ ते नसतात. उपाध्यक्ष आणि सहसचिव यांना काम नसते, आणि सातव्याला पदही नसते. त्याला सल्लागार म्हणतात, आणि तो खरोखरच सल्ला देत असल्याने त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

या सर्व घडणीचे मूळ सार्वजनिक गणेशोत्सवात शोधण्याची प्रथा आहे आणि ती बरोबरच आहे. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली उत्सव सुरू झाला. पुण्यात त्याच सुमारास पेठोपेठी मंडळे उभी राहिली, आणि त्यांपैकी कित्येकांच्या मुळाशी तालमी, म्हणजे व्यायामाचे व कुस्तीचे आखाडे होते, ज्याची खूण मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या, गुरुजी तालमीच्या, नावात आजही शिल्लक आहे. लोकमान्य टिळकांनी या उत्सवाला राजकीय आशय दिला हे सर्वमान्य आहे. पहिला सार्वजनिक गणपती मात्र भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्येच बसवला असा दुसऱ्या पक्षाचा दावा आहे. २०१७ साली पुणे महापालिकेने उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे करण्याचे योजले तेव्हा हा वाद पुन्हा इतक्या जोमाने उफाळला की सव्वाशे वर्षे मध्ये गेली आहेत याची कोणास आठवणही राहिली नाही. इतिहासकारांस हा वाद कालनिर्णयाचा वाटतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो फलकावर पहिले नाव कोणाचे, या प्रश्नाचा आजवर मिळालेला सर्वांत दीर्घायुषी नमुना होय, आणि आपापल्या पूर्वसूरींच्या नावासाठी दोन पक्ष एवढ्या निष्ठेने भांडत राहतात म्हणूनच दोन्हीकडचे उत्सव एवढ्या निष्ठेने पार पडतात, हेही मान्य करावे लागते.

दहा-अकरा दिवसांच्या उत्सवासाठी उभी राहिलेली ही यंत्रणा वर्षाचे उरलेले महिने काय करते, हा प्रश्न परिसर-सुधारणेच्या केंद्रस्थानी आहे. रिकामे बसणे तिच्या प्रकृतीस मानवत नाही. म्हणून रक्तदान शिबिर होते, जूनमध्ये वह्यावाटप होते, ज्येष्ठ नागरिकांची रक्तशर्करा मोजली जाते आणि त्यानंतर त्यांना पेढे दिले जातात. मांडवाचे खांब रोवताना रस्त्यास जे खड्डे पडतात ते त्वरित बुजवावेत असे निवेदन, म्हणजे छायाचित्र काढून अधिकाऱ्याच्या हाती द्यावयाचा कागद, महापालिकेकडे सर्वांत आधी नेणारे मंडळ पुष्कळदा तेच असते. तरुण मंडळ असे ज्याच्या नावात आहे त्याचे सभासद स्थापनेच्या वेळी तरुण होते, एवढाच त्या नावाचा अर्थ घ्यावयाचा असतो. गुडघ्यांची तक्रार सुरू झाल्यावर हेच सभासद ज्येष्ठ नागरिक संघात जातात आणि ज्या बाकड्यांची मागणी त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी केली होती त्यांवर बसून ती चुकीच्या जागी बसवल्याबद्दल टीका करतात.

शासनाने या उत्साहास घटनेची चौकट देण्याचा प्रयत्न केला. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरवल्या आणि बाराव्या अनुसूचीत नगररचनेपासून दहनभूमीपर्यंतचे अठरा विषय नागरी संस्थांच्या कक्षेत आणले. महाराष्ट्राने २००९ मध्ये आणखी पुढे जाऊन क्षेत्रसभेची तरतूद केली. क्षेत्रसभा म्हणजे ग्रामसभेचे शहरी भावंड, मतदान केंद्रांच्या यादीतील मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामे सुचवावीत अशी सभा. ही तरतूद इतकी परिपूर्ण आहे की ती वापरून खराब करण्यास बहुतेक महापालिका धजावलेल्या नाहीत. त्यामागे प्रशासकीय अनास्था आहे, राजकीय भीतीही आहे, परंतु आणखी एक कारण अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले दिसते: क्षेत्रसभेत कोणाचे नाव कोठेही रंगवले जात नाही, आणि मतदार यादीतील हजारो अनोळखी माणसांच्या कारभारात लक्ष घालण्यात काही गोडीही नसते. चोंबडेपणाला मर्यादित क्षेत्र लागते; आवाज ओळखता येईल आणि चपलांवरून घरी पाहुणे आल्याचे कळेल, इतपतच त्याचा पल्ला असतो.

ही मर्यादा नेमकी साधली ती मुंबईतील एका योजनेने, जिचे एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) हे आद्याक्षरी नाव मराठी माणसांच्याही तोंडी रुळले आहे. एका रस्त्यावरील किंवा गल्लीतील रहिवाशांनी आपली समिती करावी, कचरा घरातच ओला आणि सुका असा वेगळा करावा, ओल्याचे खत तेथल्या तेथे करावे आणि महापालिकेने प्रभाग कार्यालयातील एका अधिकाऱ्याला त्यांच्याशी जोडून द्यावे, असे तिचे स्वरूप. तिची सुरुवात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये झाली आणि पुढे शहरभर अशा शेकडो समित्या नोंदवल्या गेल्या. केंद्र शासनाचे घनकचऱ्याविषयीचे नियम २००० साली आले आणि २०१६ साली ते नव्याने झाले; म्हणजे ओले आणि सुके यांतील भेद एका गल्लीने कायद्याच्या आधी ओळखला होता.

या समित्यांचा मुख्य कामगार म्हणजे गांडूळ. तो सभेस हजर राहत नाही, इतिवृत्तावर आक्षेप घेत नाही आणि अंधारात, ओलसर जागी, कोणाचेही नाव न घेता काम करीत राहतो. साहजिकच मंडळाच्या कार्यात तो उपरा ठरतो. गांडुळास भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा हे पदार्थ मानवतात, तर लिंबू, कांदा आणि तेल-तिखट सोसत नाही, आणि महाराष्ट्रीय स्वयंपाकघरातून उरून बाहेर पडणाऱ्या वस्तूंत नेमके तेवढेच असते. त्यामुळे खड्ड्यात कोणी काय टाकले याची तपासणी करणे क्रमप्राप्त होते आणि येथे पहिल्या शक्तीला मोकळे रान मिळते. काठीने कचरा उकरून, ही मिसळीची तर्री दुसऱ्या मजल्याची, हा पिझ्झ्याचा पुठ्ठा परवा डाएट सुरू केल्याचे सांगणाऱ्यांचा, ही लिंबे अमावास्येला उतरवून टाकलेली म्हणजे डाव्या जिन्याची, असा निर्वाळा देणारी एखादी निवृत्त मुख्याध्यापिका ज्या इमारतीत असते तेथे वर्गीकरण शंभर टक्के होते. दंडाच्या पावतीने जे साधत नाही ते जिन्यात विचारलेल्या “काल काही विशेष होतं का हो तुमच्याकडे?” या प्रश्नाने साधते.

याच समित्यांचा दुसरा चेहराही नोंदवणे भाग आहे. शहरांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांना मध्यमवर्गीय म्हटले आहे आणि त्यात तथ्य आहे. स्वच्छतेनंतर समितीचा दुसरा ठराव बहुतेक वेळा फेरीवाल्यांविरुद्ध असतो. पदपथ मोकळा व्हावा असा ठराव सायंकाळी सात वाजता सर्वानुमते संमत होतो आणि साडेसात वाजता सूचक व अनुमोदक दोघेही त्याच पदपथावर कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी पाडून मागत उभे असतात. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने अशा प्रश्नांसाठी विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसह समिती नेमण्याचे सांगितले आहे. पण जुडीवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसावे लागेल ही कल्पना अनेक रहिवासी संघांना पदपथ अडण्यापेक्षाही अवघड जाते. झोपडवस्त्यांतही मुंबई महापालिकेने स्थानिक संस्थांमार्फत स्वच्छता करून घेणारी दत्तक वस्ती योजना राबवली. तेथील स्त्री-पुरुष अल्प मानधनावर गटारे उपसत, आणि त्यांच्या कामाला नागरी सहभाग म्हणून कोणी गौरवल्याचे फारसे ऐकिवात नाही. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची स्वच्छ ही सहकारी संस्था २००७-०८ च्या सुमारास उभी राहिली. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या या स्त्रियांना पेठेतील कोणत्या घरात काय शिजते याचे ज्ञान कोणत्याही रहिवासी संघापेक्षा अधिक असते, मात्र त्या ते जिन्यात बोलून दाखवीत नाहीत.

कचऱ्याच्याच संदर्भात एका पारिभाषिक संज्ञेची ओळख करून घेणे इष्ट होईल. महापालिकेची पेटी काढून टाकल्यानंतरही लोक ज्या ठिकाणी निष्ठेने कचरा टाकीत राहतात त्या जागेस पुण्यात क्रॉनिक स्पॉट म्हणतात. अशा जागा मोडण्याचे उपाय मंडळांनी मोठ्या कल्पकतेने शोधले आहेत. “येथे कचरा टाकू नये” हा फलक सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपयोगी, कारण कचरा नेमका कोठे टाकावा हे नवख्या माणसास त्यावरूनच कळते. त्यानंतर भिंतींवर देवादिकांच्या फरशा बसवण्याची पद्धत आली. थुंकणारा आणि आडोसा शोधणारा माणूस कोणत्या धर्माचा असेल हे आधी सांगता येत नसल्याने एकाच भिंतीवर गणपती, साईबाबा, क्रूस आणि मक्केचे चित्र गुण्यागोविंदाने शेजारी-शेजारी येते, आणि सर्वधर्मसमभावाचे एवढे निःसंदिग्ध प्रदर्शन शहरात अन्यत्र क्वचितच घडते. अलीकडचा उपाय म्हणजे रांगोळी: पहाटे सफाई कामगार जागा झाडून तेथे ठिपक्यांची रांगोळी काढतात आणि कचऱ्याची पिशवी घेऊन आलेला माणूस ती पाहून घुटमळतो. अनेक ठिकाणी हा उपाय लागू पडला. रांगोळी ओलांडू नये हा संस्कार कचरा टाकू नये या संस्कारापेक्षा कितीतरी जुना असल्याने तो पिशवीवाल्यास परत फिरवतो, निदान पुढच्या कोपऱ्यापर्यंत तरी, जो दुसऱ्या मंडळाच्या हद्दीत असतो.

दुसऱ्या शक्तीचा, म्हणजे नावाचा, विचार बाकड्यापासून सुरू करणे सोयीचे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत आणली. तीत नागरिकांनी आपल्या भागातील लहान कामे सुचवावीत आणि प्रत्येक काम पाच लाख रुपयांच्या आत असावे असा आरंभीचा नियम होता. लोकशाहीच्या या प्रयोगाची दखल देशभर घेतली गेली. नागरिकांनी पदपथ, दिवे, बसथांबे अशी कामे मागितली आणि त्यांत बाकडीही होती. बाकडे ही नागरी जीवनातील एकमेव वस्तू आहे जिला मराठी शहरांत पाठ बसणाऱ्यासाठी नसते. ती मजकुरासाठी असते. पाठीवर वरच्या ओळीत “संकल्पना” असते, जिच्यापुढे लोकप्रतिनिधीचे नाव येते. मधल्या ओळीत “विकास निधीतून”, म्हणजे बसणाऱ्याच्याच करातून. खालच्या ओळीत “सौजन्य” आणि मंडळाचे नाव. आणि उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, रंगवणाऱ्या पेंटरचा भ्रमणध्वनी क्रमांक, जो या सर्वांत उपयोगाचा ठरतो. माणसाने टेकून बसावे इतकी संकल्पना कोणत्या विचारवंतास सुचावी याचे नवल वाटण्याचे कारण नाही. शहरात गतिरोधकांच्याही संकल्पना असतात. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की बाकड्यांच्या पाठींवर कागद चिकटवून नावे झाकली जातात आणि ज्यांनी आजवर कधी ती वाचली नव्हती असे नागरिकही मग कागद उचकटून खाली कोण आहे ते पाहतात.

झाडांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक शास्त्रशुद्ध रीतीने घडते. रोपाभोवती लोखंडी जाळी लागते, जाळीवर देणगीदाराच्या दिवंगत मातापित्यांच्या नावाची पाटी लागते, आणि पाटी, जाळी व रोप यांच्यापैकी प्रथम रोप जाते, मग जाळी भंगारात जाते आणि पाटी मागे उरते. तथापि ज्या घरच्या माणसांच्या नावाची पाटी असते ती माणसे येता-जाता एक बादली पाणी घालतात, आणि अशी झाडे जगण्याचे प्रमाण निनावी झाडांपेक्षा बरे दिसते. एवढ्यापुरता मानपान हाही एक खतप्रकार समजण्यास हरकत नसावी. स्वच्छता मोहिमेच्या छायाचित्रांचे असे समर्थन करणे मात्र कठीण आहे. त्यांत नवे कोरे टी-शर्ट घातलेले नऊ जण दोन झाडू धरून उभे असतात आणि समोर पाच-सहा सुकी पाने असतात, कारण आठ वाजताच्या मोहिमेपूर्वी सहा वाजता महापालिकेच्या कामगाराने रस्ता झाडलेला असतो. कामगार कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूस, चौकटीबाहेर, आपले झाडू परत मिळण्याची वाट पाहत थांबलेला असतो.

गाडगे महाराज हे या सिद्धान्तास मोठे अपवाद होत. गावात शिरताच खराटा हाती घेऊन ते रस्ते झाडू लागत, रात्री कीर्तन करीत आणि मानसन्मानाच्या वाऱ्यासही उभे राहत नसत. मंडळ, फलक किंवा सल्लागार यांपैकी कशाचीही गरज त्यांना रस्ता झाडण्यासाठी पडली नाही. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, गाडगे महाराजांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा सर्व गावकऱ्यांकडून असे निरपेक्ष वर्तन अपेक्षिण्याचा भाबडेपणा केला नाही, हे शासनाच्या शहाणपणाचे उदाहरण म्हणून नोंदवले पाहिजे. अभियान स्पर्धेच्या स्वरूपाचे होते. तपासणी समिती येणार, गुण देणार, बक्षीस मिळणार आणि मुख्य म्हणजे शेजारच्या गावाला कमी गुण मिळणार, या आशेवर गावेच्या गावे खराटे घेऊन बाहेर पडली. समिती येण्याच्या आदल्या रात्री झालेल्या सफाईवर टीका झाली. पण वर्षातून एक रात्र का होईना, उकिरडा हलला.

येथवर हसण्यासारखे पुष्कळ असले तरी शेजाऱ्याच्या कारभारात लक्ष घालण्याची हौस किती दूरवर जाऊ शकते, हे पाहण्यासाठी भिवंडीकडे वळावे लागते. यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. मोहल्ला समिती म्हणजे एका वस्तीतील हिंदू आणि मुसलमान रहिवासी, त्यांत पुढारी कमी आणि साधी माणसे जास्त, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस कर्मचारी, यांची नियमित बैठक. या बैठकांत राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे व्हावीत अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती निष्फळ ठरे, कारण तेथे तुंबलेली गटारे, नळाचे पाणी आणि एकमेकांच्या पोरांची भांडणे असलेच विषय निघत. परंतु ज्या माणसाशी नळावरून तासभर हुज्जत घातली आहे त्याचे नाव, धंदा, आजार आणि सासुरवाडी एवढे सगळे ठाऊक होऊन बसते, आणि मग त्याच्या घरात शस्त्रे दडवली आहेत अशी आवई उठली तर, “त्याच्या घरात धड स्टोव्ह पेटत नाही, तलवारी कुठल्या?” असे म्हणणारा कोणीतरी दुसऱ्या बाजूस निघतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही याच धर्तीवर मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्यासारखी माणसे तिच्यामागे उभी राहिली, आणि वस्त्यावस्त्यांतील पोरांचे क्रिकेटचे सामने भरवले गेले, ज्यांतील वाद पंचांच्या निर्णयापुरते राहिले. अफवेवर चोंबडेपणा हा एवढा नामी उतारा आहे हे समाजशास्त्राच्या आधी एका फौजदारी खात्याला उमगावे, यात त्या शास्त्राने वाईट वाटून घेऊ नये.

सभा हा परिसर-सुधारणेचा दृश्य भाग असून तिचे स्वरूप सर्वत्र सारखे आढळते. सूचनाफलकावरील नोटिशीत सभेची वेळ सायंकाळी सहाची असते आणि तिच्याच शेवटी, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही, असे वाक्य असते. गणसंख्या म्हणजे सभा कायदेशीर ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती. ही नोटीस वाचणारा प्रत्येक सुज्ञ सभासद साडेसहाला येतो, त्यामुळे सहाला गणसंख्या होत नाही, त्यामुळे सभा तहकूब होते, आणि अशा रीतीने सर्वांच्या अनुपस्थितीत तहकूब झालेली सभा सर्वांच्या उपस्थितीत अटीविना सुरू होते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात पाऊण तास जातो, कारण त्यात कोणाच्या तोंडी तरी “आक्षेप घेतला” असे असते आणि त्याला “विचारणा केली” असे हवे असते. मग हिशेब येतो. एक लाख चाळीस हजारांच्या पाण्याच्या टाकीवर कोणी काही बोलत नाही, कारण टाकीतले कोणास कळत नाही. तीनशे साठ रुपयांच्या चहापाण्यावर मात्र सर्वांस बोलता येते, आणि सात माणसांस अठरा चहा कसे, या प्रश्नावर सभेचा खरा कस लागतो. इतिवृत्तात हा सर्व भाग “सखोल चर्चेअंती हिशेब सर्वानुमते मंजूर” एवढ्या ओळीत मावतो. अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत, म्हणजे ज्यांसाठी सर्वजण मुळात आलेले असतात त्या विषयांत, भटक्या कुत्र्यांना पोळी घालावी की नाही हा प्रश्न निघाला की सतरंजीच्या दोन्ही टोकांकडील माणसे कायमची ओळखली जातात.

भ्रमणध्वनीवरील गटांनी ही सभा बारमाही केली आहे. सकाळी सहाला कोणीतरी कोपऱ्यातील ढिगाचे छायाचित्र “संबंधितांनी नोंद घ्यावी” अशा ओळीसह टाकतो, त्यावर बाराजण हात जोडलेली चित्रे ठेवतात, एकजण गुडघेदुखीवरचा काढा पाठवतो आणि दुपारपर्यंत गटाचा प्रशासक केवळ स्वतःलाच बोलता येईल अशी कळ दाबतो. ढीग तेथेच राहतो, पण संबंधित कोण हे सर्वांना ठाऊक झालेले असते.

राहता राहिला सल्लागार. पदाविना काम करणारा हा माणूस हिशेब मागतो, नियम वाचतो, २००५ च्या माहितीच्या अधिकारात अर्ज करतो आणि वर्ष-दीड वर्षात, तत्त्वाच्या प्रश्नावरून, नवे मंडळ काढतो. फूट हा मराठी सार्वजनिक जीवनाचा दोष मानला जातो, परंतु परिसराच्या दृष्टीने तिचे हिशेब वेगळे आहेत. एका मंडळाचे सोळा विजेचे दिवे असतील तर दुसरे अठरा लावते. एकाने नाल्याकाठी कडुनिंब लावले की दुसरे समोरच्या काठावर बकुळ लावते. एकाच्या वाचनालयात वर्तमानपत्रे आली की दुसऱ्याच्या वाचनालयात दिवाळी अंकही येतात, आणि ज्याला केवळ वाचावयाचे आहे असा गृहस्थ सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे जाऊन कोणाचीच वर्गणी देत नाही. रविवारी एक मंडळ रस्ता चौकाकडून झाडत येते आणि दुसरे देवळाकडून, व दोघेही मध्ये पानाच्या टपरीपाशी थांबतात, कारण टपरीसमोरील साडेचार फुटांची पट्टी आपल्या हद्दीत येत नसल्याचे दोघांचेही लेखी म्हणणे आहे. त्या पट्टीसाठी संयुक्त समन्वय समिती नेमावी हे दोन्हीकडील कार्यकारिणींनी तत्त्वतः मान्य केले आहे. तिच्या फलकावर कोणाचे नाव वर घ्यावयाचे यावर पत्रव्यवहार चालू असून टपरीवाल्याने तूर्त तेथे स्वतःच्या खर्चाने एक डबा ठेवला आहे, ज्यावर त्याने आपले नाव रंगवून घेतले आहे.